मधली खीळ

९ मे

पैलतीर टोळीचे मुकादम यांस,

खात्याचं पत्र तुम्हालाही मिळालं असेलच. आपला होड्यांवरचा तरता पूल यंदा उघडायचा तो कायमचा. वरच्या अंगाला सिमेंटचा नवा पूल सुरू झाल्यामुळे या पुलाची गरज उरलेली नाही, असं साहेबांचं म्हणणं आहे. उघडल्यावर दुसऱ्या दिवशी खात्याची बोट येऊन सगळ्या होड्या ओढून नेईल.

दरवर्षी आपण पुराआधी, महिनाअखेरीला पूल उघडतो. यंदा तो पंचवीस तारखेलाच उघडावा असं मला वाटतं. डोंगराकडून पाणी लवकर सुटेल अशी लक्षणं आहेत. संमती असल्यास दूधवाल्याच्या हाती दोन ओळी पाठवाव्यात. तो रोज सकाळी पूल ओलांडून तुमच्याकडे येतोच.

काम नेहमीच्याच पद्धतीने. आधी वाहतूक बंद, मग वरच्या बाजूचे नांगर सैल करायचे, मग मधली खीळ. मी माझ्या अर्ध्यावर उभी राहून वरून घण घालीन, तुम्ही तुमच्या अर्ध्यावरून खालून पहार धरावी. खीळ निघाली की दोन्ही अर्धी पाण्याच्या ओढीने आपापल्या काठाला लागतील. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण कामाचं पत्र म्हटलं की लिहावं लागतं.

खुणा झेंड्यांनीच कराव्यात. पांढरा म्हणजे तयार, लाल म्हणजे थांबा. दोन्ही झेंडे एकदम वर म्हणजे ‘मधोमध ये, बोलायचंय’. त्याची गरज पडणार नाही. गेली चार वर्षं पडलेली नाही.

आणखी एक. आई दरवर्षी पूल उघडायच्या दिवशी इकडून तुमच्याकडे जाते आणि पूर ओसरून पूल जोडला की परत माझ्याकडे येते. यंदा पूल पुन्हा जोडला जाणार नाही. तेव्हा आई या वेळी इकडेच राहील.

कळावे,
ऐलतीर टोळीची मुकादम


१४ मे

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. ‘पंचवीस चालेल. आईचं आईला विचार.’ तुमच्या काठावर शाई महाग झाली आहे का? चार वर्षांनी भाऊ बहिणीला लिहितो आणि तेही तार केल्यासारखं. माझ्या पत्राला घरचा मायना नव्हता म्हणून रागावला असशील तर रागाव. तुझ्या पत्राला तर डोकं, धड, पाय काहीच नाही.

आईला काय विचारायचं त्यात? तुझं घर टेकाडावर आहे आणि माझ्या पायरीला पुराचं पाणी लागतं, म्हणून पुराच्या महिन्यांत ती तुझ्याकडे येत होती. कुणी विचारलं की ती म्हणते, ‘मी पुलाबरोबर जाते, पुलाबरोबर येते.’ आता पूलच नाही म्हटल्यावर तिने जायचं कशाबरोबर? बसने नव्या पुलावरून यायचं तर सगळा दिवस जातो आणि तिला गाडी इतकी लागते की मागच्या खेपेला अर्ध्या वाटेवर उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणजे ती ज्या काठावर राहील त्या काठाची झाली. हे तुलाही कळतं. तुझ्याकडे बायको आहे, पोरं आहेत, दिवसभर घरात कलकलाट आहे. मी सकाळचा चहा कुणासमोर बसून प्यायचा, भिंतीसमोर?

आणि ही वेळ आणली कुणी? मी हे लिहिणार नव्हते, पण आता हात थांबत नाही. नवा पूल इथेच व्हायचा होता. मोजणीवाले आले होते, खुंट्या मारून झाल्या होत्या. त्यांनी तुला सहज विचारलं, ‘काय हो, इथे नदी कशी आहे?’ आणि तू सांगून मोकळा झालास, ‘ही नदी इथे जागेवर राहत नाही.’ अरे, कुणी विचारलं म्हणून घरातलं सगळं चारचौघांत सांगायचं असतं का? त्यांनी आठ दिवस जमिनीत भोकं पाडली, मान हलवली आणि खुंट्या उपटून वरच्या अंगाला निघून गेले.

मला काय ठाऊक नव्हतं? आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी इथे गुडघाभर पाणी होतं, गुरं चालत पलीकडे जायची. मग पात्र खोल झालं आणि त्यांनी दोराचा तराफा घातला. त्याही आधीचा तो दगडी पूल. नदी त्याला सोडून केव्हाच निघून गेली आणि त्याचे खांब आज माळावर उभे आहेत, शेळ्या त्यांच्या सावलीत बसतात. आपण त्या खांबांवर चढून ‘पूर आला, पूर आला’ म्हणून ओरडायचो आणि खाली धूळ उडत असायची. मला सगळं ठाऊक होतं. फक्त मी गप्प बसले असते. पूल झाला असता, इथली दुकानं उघडी राहिली असती, तू आणि मी रोज सायकलवरून या काठाचे त्या काठाला गेलो असतो. पुढचं पुढे बघितलं असतं.

त्या नव्या पुलावर मी पाय ठेवणार नाही, हे मी तेव्हाच सांगितलंय. अजूनही सांगते.

आईला विचारायची गरज नाही. मी तिची मुलगी आहे, मला कळतं तिला काय हवंय.

तुझी बहीण


२१ मे

धाकट्या,

मागचं पत्र रागात लिहिलं. दूधवाला पुलाच्या मध्यावर गेला असेल तेव्हा हाक मारून परत बोलवावंसं वाटत होतं. पण तो शीळ घालत चालला होता आणि माझा आवाज काही आता पहिल्यासारखा लांब जात नाही.

काल वरच्या बाजूला गेले होते. आजोबांनी नांगरासाठी रोवलेला तो मोठा खांब आठवतो ना? लपंडावात त्याला टेकून तू राज्य घ्यायचास आणि बोटांच्या फटीतून बघायचास. तो खांब कललाय. त्याच्या पायाखालचा काठ नदीने खाल्लाय. मागच्या वर्षी जिथे पायवाट होती तिथे आता भोवरा फिरतो. तुझ्या बाजूला मात्र वाळूचा पट्टा पडलाय. मी दुर्बिणीतून पाहिला. नदी माझ्याकडे सरकतेय रे. इथे पूल बांधला असता तर आपल्या पोराबाळांनी त्याच्याही खांबांवर चढून ‘पूर आला’ म्हणून धुळीत आरोळ्या ठोकल्या असत्या.

तेव्हा हे एकदाच लिहिते, तू ते पुन्हा पुन्हा वाचू नकोस आणि बायकोला तर मुळीच दाखवू नकोस. तू बरोबर होतास. चार वर्षं आपण त्या मधल्या खिळीपाशी वर्षातून दोनदा हातभर अंतरावर उभे राहिलो, मी घण घातला, तू पहार धरलीस आणि दोघं तोंड फिरवून आपापल्या काठाला गेलो. माझा नेम एकदा जरी चुकला असता तर तुझ्या मनगटाचा चुरा झाला असता. तू कधी हात मागे घेतला नाहीस. मला या गोष्टीचं इतकं वाईट वाटतं की ते कुठे ठेवावं हे कळत नाही.

आईची तब्येत बरी आहे. तुझ्या मुलीसाठी लोकरीचा स्वेटर विणतेय. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. चष्म्याशिवाय तिला मी आणि दाराची चौकट सारखीच दिसते. परवा चौकटीला म्हणाली, ‘काय गं, जेवलीस का?’ मी मागे उभी राहून हसत होते तर म्हणाली, ‘हसू नकोस, ती तुझ्यापेक्षा नीट उत्तर देते.’

आईला मी तारखेचं सांगितलं आहे. तिच्याशी आता कुणी हा विषय काढू नये, तिला त्रास होतो. दूधवाल्याला आणि टोळीतल्या सगळ्यांना मी तसं बजावलंय. तूही निरोप धाडू नकोस.

पंचवीसला सकाळी भेटूच. भेटू म्हणजे कामावर.

तुझी बहीण


२५ मे, दुपार

डबड्या,

खूप वर्षांनी तुला या नावाने हाक मारतेय. पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलास आणि तो डबा सोडायला मात्र तयार होईनास, शाळेतही घेऊन जायचास. मी काठावरच्या शेडमध्ये बसून लिहितेय. तळहाताला घणाचे फोड आलेत, अक्षर समजून घे.

झालं. निघाली खीळ. माझ्या टोळीतल्या लंबूने मघाशी सांगितलं, तुझं अर्धं तुझ्या काठाला नीट लागलं. माझंही लागलं. मध्ये नुसती नदी. इतकी रुंद आहे ती, हे मी विसरलेच होते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. खीळ निघायच्या आधी तू पहार खाली ठेवलीस, मान वर केलीस आणि म्हणालास, ‘बरं केलंस, ताई.’ तुझे डोळे भरले होते. चार वर्षांनी तुझ्या तोंडून ‘ताई’ ऐकलं आणि मी शहाणी, काहीच बोलले नाही. मान डोलावली आणि घण उचलला. बोलले असते तर रडले असते आणि टोळीसमोर मुकादमाने रडायचं म्हणजे पुढे दहा वर्षं पुरेल एवढी थट्टा. पुढची दहा वर्षं ही टोळीच राहणार नाही, हे तेव्हा सुचलं नाही. माझं मागचं पत्र तू मनावर घेतलंस, हे बघून फार बरं वाटलं. काठाला येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

आता घरी जाते. आईला खरं काय ते सांगायचंय. जरा कठीण आहे ते. सांगून झालं की उरलेलं पत्र लिहिते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

आई घरी नाही.

तुला तर ठाऊकच आहे, ती तुझ्याकडे आहे. मला लंबूने सांगितलं. पहाटे मी होडीतून वरच्या बाजूला नांगर बघायला गेले होते, तेव्हा ती पिशवी घेऊन पुलावरून तुझ्याकडे गेली. मी म्हटलं, ‘अरे, थांबवलं का नाहीस?’ तर म्हणाला, ‘दरवर्षी पूल उघडायच्या दिवशी जातात, तशा निघाल्या. त्यात थांबवायचं काय, ताई?’ त्याचं काय चुकलं? सगळ्यांनी तिला वाट करून दिली. एकाने तर पिशवी धरून मध्यापर्यंत सोबत केली म्हणे.

तुझं ‘बरं केलंस’ कशाबद्दल होतं, तेही आता कळलं. तुला वाटलं, मी आईला विचारलं, तिने तुला निवडलं आणि मी मन मोठं करून तिला पाठवलं. माझं मन किती मोठं आहे ते आता ऐक.

मी आईला एकतीस तारीख सांगितली होती. नेहमीची, महिनाअखेरीची. पंचवीसला तिच्या नकळत पूल उघडून टाकायचा, मग ती कुठे जाणार, असा माझा हिशेब. डोंगराकडच्या पाण्याची लक्षणं वगैरे सगळं मी तुला खोटं लिहिलं. खरं तर आभाळ कोरडं होतं. म्हणूनच टोळीला गप्प बसवलं, दूधवाल्याला बजावलं. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, या भीतीने मी विचारलंच नाही.

आधी मला तिचा राग आला. म्हटलं, हिला सगळं कळलं होतं, माझी लबाडी ओळखली आणि न सांगता निघून गेली. शेवटी मुलगाच प्यारा. मी रागाने तिची खोली आवरायला घेतली.

खिडकीत चष्मा पडलाय. कपाटात तिचे सगळे कपडे आहेत, एकच जोड नेलाय. गरम शाल इथे आहे, चालायची काठी नेलीय पण चांगल्या चपला इथे आहेत. गोळ्यांची ती वारांची डबी टेबलावर आहे. त्यातले उद्याचे आणि परवाचे खण रिकामे. त्यापुढचे भरलेले.

दोन दिवसांसाठी गेलीय ती. दोन दिवस तुझ्याकडे राहून परत यायचं आणि एकतीसच्या आधी हवा तेवढा वेळ आहे, असं तिला वाटलं. मीच तसं सांगितलं होतं.

मी शेडवर धावत गेले. लंबूला म्हटलं, खीळ परत बसवू. त्याने काठाला लागलेल्या अर्ध्याकडे बोट दाखवलं. नांगर काढलेले, साखळ्या गुंडाळलेल्या, निम्म्या फळ्या उचललेल्या. आणि गंमत बघ, मी ज्या पाण्याचं खोटं कारण दिलं होतं ते खरंच आलं. दुपारपासून नदीचा रंग बदललाय. फेस येतोय, काटक्या येतायत.

तिला सांग. नाही, नको सांगूस. मला काही सुचत नाही. आधी तिला जेवायला घाल. रक्तदाबाची गोळी रात्री जेवणानंतर, पांढरी. पिवळी सकाळची.

ताई


६ जून

डबड्या,

तुझं पत्र आज मिळालं. ज्या काठावरचं वाळत घातलेलं धुणं मला इथून दिसतं, तिथलं पत्र सगळा प्रदेश फिरून नव्या पुलावरून यायला एवढे दिवस लागतात. दूधवाल्याने धंदा बदललाय. होड्या केव्हाच ओढून नेल्या. माझ्या अर्ध्यातली शेवटची होडी वळणाआड गेली तेव्हा लंबूने टोपी काढली आणि मग ओशाळून डोकं खाजवल्यासारखं केलं.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. आईने तुला त्या दिवशी जे सांगितलं ते तू शब्द न् शब्द लिहिलंस, याबद्दल तुझे आभार मानावेत की तुला दोन ठेवून द्याव्यात, हे मला ठरवता येत नाही.

तू कामावरून घरी गेलास तेव्हा ती बोटांनी चाचपत स्वेटरची शेवटची बाही शिवत बसली होती. तुला म्हणाली, ‘मी यंदापासून तिकडेच राहणार. तुझ्या तोंडावर सांगावं म्हणून आले, निरोप धाडून सांगायची गोष्ट नाही ही. तुझ्याकडे माणसं आहेत. ती एकटी आहे. एवढी भांडते ना, ती एकटं राहता येत नाही म्हणून भांडते. परवा सकाळी मला मध्यापर्यंत सोडायला ये आणि तिच्याशी दोन शब्द बोल. मी गेल्यावर तुम्हाला एकमेकांशिवाय कोण आहे?’

आणि तू तिला सांगितलंस, आई, पूल उघडला.

ती काय म्हणाली ते तू लिहिलं नाहीस. ‘थोडा वेळ गप्प बसली’ एवढंच लिहिलंस. मी ते वाक्य वाचून सोडून देते आणि परत त्यावरच येते. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू मला एका शब्दाने टाकून बोलला नाहीस. उलट लिहितोस, पाणी उतरलं की होडीने आणू तिला. आणशील रे. पण पाणी उतरायला थंडी पडेल. आणि गेल्या थंडीत ती पुलाचा चढ चढताना तीन ठिकाणी टेकली होती, हे तुलाही ठाऊक आहे, मलाही. तिला फक्त विचारायला हवं होतं मी. विचारलं असतं तर आज ती समोरच्या खुर्चीत बसून चष्मा शोधत असती. तिने मला निवडलं होतं आणि मीच तिच्यामागे दार लावून घेतलं.

तू लिहिलंस, ती रोज सकाळी काठावर खुर्ची टाकून बसते, पूल कधी जोडणार म्हणून विचारते, तू सांगतोस, ती मान डोलावते, दुसऱ्या दिवशी परत विचारते. विसरते की विसरल्यासारखं करते, तुला कळत नाही. मलाही कळणार नाही. आपल्या आईला समजून घ्यायला आपण दोघं मिळूनसुद्धा पुरे पडत नाही.

काल सकाळी मी शेडमधलं सामान खात्याच्या माणसाच्या ताब्यात देत होते. दुर्बीण द्यायच्या आधी सवयीने एकदा तुमच्या काठाकडे लावली. ती खुर्चीवरून उठून उभी होती. तुझे झेंडे तिच्या हातात होते, तू दिलेस की तिने घेतले, कोण जाणे. आधी पांढरा वर केला. मग लाल. दोन्ही एकदम. झेंडे खाली यायचे, ती परत वर करायची.

मधोमध ये, बोलायचंय.

खात्याचा माणूस सही मागत होता. त्याच्या पुढ्यातले माझे झेंडे मी उचलले, पाण्याच्या कडेला गेले आणि दोन्ही वर केले. आपल्यात दोन्हीला दोन्ही दाखवले की त्याचा अर्थ ‘निघाले’. मी निघून जाणार कुठे? पुढे फूटभरावर पाणी. पण हात खाली घेववेनात. ती तिकडे उभी, मी इकडे, आणि आमच्या दोघींमध्ये जिथे खीळ होती तिथून झाडाचं एक अख्खं खोड वाहत गेलं. मग ती बसली. मीही झेंडे दिले आणि सही केली.

उद्या सकाळच्या बसने निघतेय. हो, नव्या पुलावरूनच. मी काय बोलले होते ते मला आठवतंय, तू आठवण करून द्यायची गरज नाही. मुक्कामाला येतेय, माझी नोकरी संपली, घराला कुलूप लावते, नदीला पायऱ्या हव्या असतील तर घेऊ दे. शाल, चपला, गोळ्या सगळं बांधलंय. चष्मा हातातच ठेवणार आहे, सामानात दबेल.

हे पत्र माझ्या आधी पोचणार नाही, कदाचित मीच ते तुझ्या हातात देईन. तरी लिहितेय, कारण तिच्यासमोर हे मला बोलता येणार नाही आणि तुला सांगायला जमेल. तिला सांग, काल मी दोन्ही झेंडे वर केले होते. बराच वेळ धरले होते. तिला दिसले नसतील. चष्मा माझ्याकडे होता.

ताई